डाव्या पायातलं जोडवं

ऑगस्टचा तिसरा सोमवार, श्रावणातला. जागा: एल्ब्रुस, कॉकेशसमधला निजलेला, बर्फाने झाकलेला ज्वालामुखी. हजर: माझा मोठा भाऊ, म्हणजे दादा. त्याची बायको, माझी वहिनी. मी. आणि आमचा गाईड, तिथल्याच खोऱ्यातला, उन्हाने ओठ फाटलेला माणूस. भारतीय लोकांना डोंगरावर नेऊन नेऊन त्याला थोडं हिंदी येत होतं. गैरहजर: आई. ती मीरा रोडला, पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये, दादाच्या घरी होती. तिचा शब्द मात्र आमच्याबरोबर वर आला होता.

हे लिहून ठेवतेय, कारण आता या चढाईची एकच गोष्ट सांगितली जाते, ती दादाची. ती ऐकायला छान आहे. तिच्यात वहिनीचं बोट का गेलं ते नाही.

सुरुवात लिफ्टमध्ये झाली. दादा त्यांच्या सोसायटीचा सेक्रेटरी. सहाव्या मजल्यावरचे एक गुजराती काका आफ्रिकेतला किलिमांजारो चढून आले आणि तेव्हापासून लिफ्टमध्ये दादा दिसला की विचारायचे, "क्या सेक्रेटरी, इस साल भी राजमाची?" लिफ्टमधले बाकीचे हसायचे. दादा घरी येऊन चिडायचा. "बर्फ होता का त्यांच्या वाटेवर? चिखल होता चिखल. मी बर्फावर जाऊन दाखवतो."

चढाईला नेणाऱ्या कंपनीकडे तीन माणसांच्या गटाला एक गाईड होता. दादा एक. दुसरी मी. भाईंदर पूर्वेला नवघरला एकटी राहते, ऑफिसात सुट्ट्या साठलेल्या होत्या, आणि कुणीतरी तयारी नीट करायला हवी होती. तिसरी वहिनी. तिला कुणी विचारलं नाही. एका रविवारी मी जेवायला गेले होते, तेव्हा दादा आमटी ओढत म्हणाला, "हिचा पासपोर्ट आहेच. हीच येईल." वहिनी पोळी लाटत होती. तिने मान वर केली, आईकडे पाहिलं, आणि पोळी तव्यावर टाकली.

खरं म्हणजे आमच्यात चालणारी तीच होती. पन्नाशीची बाई, पण रोज सकाळी पुलावरून भाईंदर पूर्वेला येऊन जेसल पार्कच्या खाडीपर्यंत जायची आणि चालतच परत. ही एक गोष्ट ती घरातल्या कुणासाठी करत नव्हती. खाडीवर दहा मिनिटं उभी राहायची आणि वळायची. मी कधी बरोबर गेले तर तिच्या मागे राहायचे.

तयारीचं सगळं माझ्याकडे. पाठीला तांदळाच्या पिशव्या बांधून जिने चढणं, डॉक्टरांच्या चाचण्या, सामान. कंपनीने पाठवलेल्या सूचनांत एक ओळ होती: हातापायांत धातूचं काही घालू नये. उंचीवर बोटं सुजतात, अंगठी रुतते, रक्त पुढे जात नाही, आणि थंडीत त्या बोटाचं काय होतं ते पुढे स्पष्ट लिहिलं होतं. दादाच्या हातात पुष्कराजाची आणि पोवळ्याची अंगठी. माझ्या हातात एक साधं वळं. वहिनीच्या पायांत जोडवी. लग्नात घातलेली, जाड, अखंड चांदीची. मी तिला ती ओळ वाचून दाखवली.

आई दाराशीच होती. "श्रावणात जोडवी काढणार?"

"आई, डोंगरापुरती. आल्यावर परत घालेल."

"काढतात कधी, माहीत आहे ना? का तेही मीच सांगू?" हे मला उद्देशून नव्हतं. वहिनीला होतं.

दादा म्हणाला, "बघू, बघू. सोनाराला विचारतो."

पुढचं मला फार नंतर कळलं, पण क्रमाने ते इथेच यायला हवं. दोघं स्टेशनजवळच्या सोनाराकडे गेली. उजवं जोडवं साबण लावून निघालं. डावं निघेना. इतक्या वर्षांत बोट त्याच्याभोवती भरलं होतं. सोनार म्हणाला, "भाभी, ये नहीं निकलेगा. काटना पड़ेगा. दो मिनिट का काम है." दादाने दुकानातूनच आईला फोन लावला. स्पीकरवर. आई म्हणाली, "सौभाग्याचा दागिना कापायचा? माझा मुलगा त्या बर्फात जातोय आणि तू इकडे जोडवं कापून घेतेस?" सोनाराने पक्कड खाली ठेवली. बाहेर आल्यावर दादा वहिनीला म्हणाला, "एका चांदीच्या कड्याने काय होतंय? आणि ताईला सांग, दोन्ही निघाली. नाहीतर ती गाईडला जाऊन सांगेल."

ताई म्हणजे मी. दादा मला नावाने हाक मारतो, पण वहिनीशी बोलताना मी ताई.

मी विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, "निघाली, ताई." मी पुढच्या कामाला लागले.

डोंगराखाली पोचल्यावर पहिले दिवस शिकण्यात गेले. बुटांखाली बांधायचे लोखंडी काटे, ज्यांना क्रॅम्पॉन म्हणतात, ते घालून चालायचं तर पाय फाकवून, अख्खा तळवा टेकवून चालावं लागतं. नाहीतर एका पायाचा काटा दुसऱ्या पायाच्या पँटमध्ये अडकतो आणि माणूस तोंडावर पडतो. दादा पडला. उठून परत पडला. गडावर चढतात तसा टाचा उचलून चढायला गेला आणि गाईडने त्याला काठीने अडवलं. "नो डान्स. धीरे. धीरे-धीरे."

"मी पस्तीस वर्षं गड चढतोय," दादा मराठीत म्हणाला.

"येस येस. धीरे."

घसरल्यावर बर्फात कुऱ्हाड कशी रोवायची, पोटावर कसं पालथं पडायचं, हे उतारावर पुन्हा पुन्हा करून घेतलं. मला सांगितलेलं सांगितल्यासारखं करता येतं, तेवढंच जमलं. वहिनी मात्र पहिल्याच दिवशी चालायला लागली. एक पाऊल, श्वास, दुसरं पाऊल, श्वास. गाईडने थांबून तिच्याकडे बघितलं. "मॅडम, बिफोर? माउंटन?"

"नो," वहिनी म्हणाली. मग मला मराठीत, "खाडीवर."

मी हसले. दादा नाही हसला. "फार शहाणपणा नको. स्वयंपाकघरात चालते तशी चालतेय, त्यात काय."

पत्र्याच्या मोठ्या पिंपांसारख्या खोल्या होत्या, त्यांत आम्ही झोपायचो. वरच्या चढाईच्या आदल्या दुपारी गाईडने तिथेच सामान तपासलं. बूट, मोजे, हातमोजे, चष्मे. मग हात पुढे करायला लावले. दादाचा पुष्कराज आणि पोवळं बघून म्हणाला, "किंग?" दादाने कुरकुरत अंगठ्या काढून पाकिटात ठेवल्या. माझं वळं निघालं. वहिनीच्या हिरव्या बांगड्या त्याने उचलून बघितल्या. काचेच्या. "ओके." मंगळसूत्र जॅकेटच्या आत, पण कातड्याला लागून नको, आतल्या कपड्यावर. तेही केलं. पायांचं त्याने विचारलं नाही. त्याच्या देशात पायाच्या बोटांत कुणी काही घालत नाही. त्याला विचारायचं सुचणार कसं?

मग त्याने नियम सांगितला. गाईड एक, आपण तीन, दोर एक. कुणालाही एकटं खाली पाठवत नाही. त्याने एक बोट खाली दाखवलं, मग तीन. "वन डाउन, ऑल डाउन." दुसरा गाईड घ्यायचा का, असं कंपनीने आधी विचारलं होतं. दादाने नको कळवलं होतं. तीन माणसांना किती गाईड लागतात!

नियम ऐकल्यावर दादा वहिनीकडे वळला. तो आवाज मी लहानपणापासून ओळखते. हळू आणि गोड. "ऐकलंस ना? एकीमुळे सगळे खाली. मग सोसायटीत सांगायचं काय, माझ्या बायकोला थंडी वाजली?"

वहिनी म्हणाली, "मी कुठे काय म्हटलंय?"

तिने मोजे काढले नाहीत. झोपतानाही नाही. त्या थंडीत कुणीच काढले नव्हते.

पहाटे बर्फावर चालणाऱ्या रणगाड्यासारख्या गाडीने आम्हाला उतारावर वर नेऊन सोडलं. दोराला बांधलं. पुढे गाईड, मग वहिनी, मग मी, शेवटी दादा. त्याला दुसरं जायचं होतं. गाईड म्हणाला, "स्ट्राँग सेकंड," आणि वहिनीला जवळ ओढलं. दादा शेवटी बांधला गेला आणि त्याचा राग मला दोरातून कळत होता. मी जरा थांबले की दोर ढिला व्हायचा, मी चालले की मागून हिसका यायचा.

उजाडलं तेव्हा आम्ही डोंगराच्या कुशीवर आडवे चाललो होतो. आमच्याच डोंगराची सावली खालच्या दरीवर पडली होती, त्रिकोणी, निळी, दूरवर. वहिनी ती बघायला एक क्षण थांबली. वारा असा होता की चष्म्याच्या कडेने आत शिरून डोळ्यांतलं पाणी गोठवत होता. बाटलीचं झाकण उघडेना. मी मागच्या पावलाचा विचार सोडून दिला होता. पुढचं पाऊल, श्वास. एवढंच.

गाईड दर थांब्याला प्रत्येकाला विचारायचा. हिंदी शब्द, पण आवाज हुकमाचा. "हाथ ठीक? पैर ठीक?" बोटं हलवून सांगायचं.

पहिल्या दोन थांब्यांना सगळे ठीक. दोन शिखरांमधल्या खिंडीत आम्ही पाठीवरचं ओझं खाली ठेवलं तेव्हा वहिनी मराठीत, दादाकडे न बघता म्हणाली, "डाव्या पायाच्या बोटाचं काही कळत नाहीये."

"कळत नाही म्हणजे दुखत नाही ना?" दादा म्हणाला. "मग चल."

"सकाळी दुखत होतं. आता काहीच नाही."

"म्हणजे सुधारलं."

गाईड आलाच. "पैर ठीक?"

"ओके, ओके, ऑल ओके," दादा म्हणाला.

"नॉट यू. मॅडम."

मी म्हटलं, "वहिनी, नसेल ठीक तर सांग. आत्ताच सांग."

तिने वर बघितलं. शिखराचा चढ तिथून सरळ समोर दिसत होता, अगदी जवळ वाटत होता. मग तिने दादाकडे बघितलं. दादा बर्फात काठी टोचत होता, एकाच जागी, पुन्हा पुन्हा.

"ओके," ती म्हणाली.

गाईड वाकला, तिच्या बुटाच्या टोकावर मुठीने ठोकलं, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "मूव्ह फिंगर. मूव्हिंग?"

"मूव्हिंग," वहिनी म्हणाली.

त्या शब्दावर आम्ही वर गेलो.

चढ उभा होता. बर्फ काचेसारखा, निळसर, कुऱ्हाडीचं टोक जेमतेम शिरेल इतका. कड्याला आधीपासून बांधलेल्या दोरीला आपल्या कमरपट्ट्याची कडी अडकवायची, पुढे सरकायचं, खांब आला की कडी काढून पलीकडे लावायची. मला ते काम आवडलं. काढा, लावा, खात्री करा. मागून दादा ओरडत होता, "अगं हल ना!" श्वास नव्हता तरी ओरडायला होता. वहिनीची डावी टाच दर पावलाला जरा बाहेर वळत होती. तिला वाटत असावं की पाय सरळ पडतोय.

शिखर म्हणजे एक लहानसा उंचवटा. वर फडकी बांधलेली, लोक रांगेत फोटोला उभे. दादाने दोर सोडायच्या आत फोन बाहेर काढला. तिथे नेटवर्क येतं. आईला व्हिडिओ कॉल.

"आई, बघ! सगळ्यात वर! आपल्या घरातला पहिला माणूस!"

आईचा चेहरा फोनवर थांबत थांबत हलत होता. मागे तिची सोमवारची पूजा मांडलेली. "अगोबाई, किती वारा रे. सूनबाई कुठे?"

दादाने फोन वहिनीकडे फिरवला.

"चष्मा काढ म्हणावं तिला. कुंकू दिसू दे."

वहिनीने चष्मा वर केला. वाऱ्याने तिचे डोळे मिटले. आई म्हणाली, "हं. देवाला हात जोड," आणि कॉल तुटला. मग दादाने काकांना फोटो पाठवला. तो गेला का, हे बघण्यात त्याने हातमोजे काढून ठेवले आणि गाईडने ते उचलून त्याच्या छातीवर फेकले.

उतरताना वहिनी दोनदा बसली. पडली नाही, बसली. दुसऱ्यांदा गाईडने तिला उठवलं आणि तिचा दोर आखूड करून जवळजवळ अंगाला लावून खाली आणलं. दादा मागून म्हणत होता, "उतरताना कसली गं दमतेस? उतरताना सगळे उतरतात."

खोलीत आल्यावर गाईडने आपल्या हाताने तिचे बूट उघडले. उजवा पाय लाल, सुजलेला, जिवंत. डावा मोजा निघायला वेळ लागला. दुसरं बोट मेणबत्तीसारखं होतं. पांढरं, कडक, आणि त्याच्या बुडाशी जोडवं इतकं रुतलेलं की चांदीची फक्त एक रेघ दिसत होती. शेजारच्या बोटाचं टोक राखाडी.

गाईड काही क्षण समजूनच घेत होता की हे काय आहे. मग तो त्याच्या भाषेत ओरडला. धावत बाहेर गेला, त्या बर्फाच्या गाडीच्या ड्रायव्हरकडून तार कापायची पक्कड घेऊन आला आणि कड जराशी उचलून जोडवं कापलं. वहिनीला काही कळलं नाही. ती बघत होती, जसं दुसऱ्याचं काही कापलं जातंय. पाय कोमट पाण्यात घातल्यावर कळलं. तेव्हा तिने माझा दंड धरला आणि दातात उशाशी ठेवलेली ओढणी घातली.

गाईडने कापलेलं जोडवं दादापुढे धरलं. "यू नो? धिस, यू नो?"

"नो, नो," दादा म्हणाला. "शी डिड नॉट टेल."

वहिनीने ओढणी तोंडातून काढली. पाण्याकडे बघतच ती मला म्हणाली, "ताई, सोनाराकडे हे होते. हेच म्हणाले, तुम्हाला सांगू नको."

"आता हे काय काढतेस?" दादा म्हणाला. "आधी पाय बघ."

मीरा रोडच्या सर्जनने घाई केली नाही. कुठपर्यंत मेलंय ते शरीराला ठरवू द्यावं लागतं, असं ते म्हणाले. तोवर वाट बघायची, कोरडं ठेवायचं. बोट जांभळं झालं, मग काळं, मग वाळलेल्या शेंगेसारखं. पट्टी बदलायला मी ऑफिसातून तिकडे जात होते. दादा त्या वेळी आतल्या खोलीत असायचा. त्याला रक्त बघवत नाही. रक्त नव्हतंच, पण त्याला बघवत नाही. शेवटी दुसरं बोट अख्खं आणि तिसऱ्याचं टोक काढलं.

हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा आईने ओवाळलं. भाकरतुकडा टाकला. मग पायाच्या पट्टीकडे बघून पहिला प्रश्न विचारला, "आता जोडवं कशात घालणार?"

वहिनीने माझ्या खांद्यावर हात टेकून उंबरा ओलांडला.

"तिसऱ्यात घालतात कुणी कुणी," आई म्हणाली. "आणि उजव्यातलं तरी का नाही घातलंस अजून? साबणाने निघालं होतं ना, मग घाल."

वहिनी खुर्चीत बसत म्हणाली, "एकाच पायात घालतात का, आई? तशी पद्धत आहे का कुठे?"

आईने ताम्हन उचललं आणि आत गेली. उजवं जोडवं अजून कपाटातच आहे.

सोसायटीने खालच्या हॉलमध्ये दादाचा सत्कार केला. शाल, नारळ, आणि हार घातला सहाव्या मजल्यावरच्या काकांनी. "सेक्रेटरीजी, मान गए," काका म्हणाले, आणि दादाचा चेहरा असा झाला की तेवढ्या एका वाक्यासाठी तो पुन्हा वर गेला असता. कार्यक्रम सपत्नीक होता. वहिनीला पुढच्या रांगेत बसवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर. दादाने माईक घेतला. दोर, वारा, खिंड, सगळं सांगितलं. दोरावर तो पुढून दुसरा होता, असं सांगितलं. शेवटी वहिनीकडे हात करून म्हणाला, "आणि हिने तर डोंगराला आपलं बोट दिलं, पण मागे फिरली नाही!"

टाळ्या पडल्या. लोक वळून वळून तिच्या पायाकडे बघत होते. मुलं वाकून बघत होती. माझ्या शेजारची बाई मला म्हणाली, "किती साथ देते ना नवऱ्याला." वहिनी टाळ्या संपेपर्यंत बसली. मग खुर्चीच्या पाठीला धरून उठली, एकटी लिफ्टपर्यंत गेली. पाच मिनिटं लागली असतील. दादा माईकवरच होता.

चालताना तिचा तोल डावीकडे जातो. दुसरं बोट नसलं की अंगठा त्या जागेकडे कलतो आणि सगळा भार भलतीकडे पडतो, असं सर्जनने समजावलं. त्यासाठी रिकाम्या जागेत बसणारा मऊ तुकडा आणि त्या मापाचा बूट करून मिळतो. करणारा माणूस भाईंदर पूर्वेला आहे. मी त्याच्याकडे जाऊन आले. माल चांगला आहे, वेळेवर देतो. बूट मिळाला तर खाडीपर्यंत जाता येईल का, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, येईल, सवयीने. ते वहिनीला सांगितलं तेव्हा तिने पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "किती दिवसांत?"

त्याला दोन्ही पायांची आखणी लागते. कागद जमिनीवर ठेवायचा, त्यावर अनवाणी उभं राहायचं, पूर्ण वजन टाकायचं, आणि पेन्सिल सरळ धरून पावलाभोवती रेघ काढायची. बसून काढलेली चालत नाही. गेल्या रविवारी मी जाड कागद घेऊन गेले. वहिनी हॉलमध्येच उभी राहिली, भिंतीला हात लावून. उजवा पाय काढला. छान आला, टाचेपासून अंगठ्यापर्यंत.

मग मी दुसरा कागद ठेवला आणि म्हटलं, "मोजा काढ." आई सोफ्यावर होती. दादा पेपर वाचत होता, त्याने पेपर खाली केला. बघायला.

वहिनीने डावा पाय मागे घेतला. "आज नको, ताई."

"तिकडे खोलीत जाऊ या?"

"आज नको."

या आठवड्यात मी दोनदा जाऊन आले. एकदा आई घरात होती, एकदा दादा लवकर आला होता. बूटवाल्याचा फोन येऊन गेला. उजव्या पायाचा कागद त्याच्याकडे दिला आहे. डाव्याचा कोरा आहे, माझ्या पिशवीत. पेन्सिल टोक करून ठेवली आहे.